जगात जर्मनी, बोटीवर परभणी

आमच्या ऑफिसात सध्या क्रूझची साथ आलीय. एकाने मुंबई-गोवा केलं, दुसरीने हनीमूनला लक्षद्वीप उरकलं, आणि आता अख्ख्या टीमने ‘एकदा तरी बोटीवर जायचंच’ असं ठरवलंय. 2021मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया सुटायला लागली आणि समुद्र एकदम ईएमआयच्या टप्प्यात आला ना! तर परवा लंच टाइमला आम्ही सहा जण एका लॅपटॉपभोवती मुंग्यांसारखे जमलो होतो. स्क्रीनवर एका परदेशी क्रूझचा दिवसभराचा कार्यक्रम. सकाळी सातला योगा. साडेआठला प्रार्थना. अकराला साल्सा. दुपारी बिंगो. रात्री कसिनो.

‘‘एक मिनिट, साडेआठला काय?’’

‘‘प्रार्थना. बोटीवर पाद्री असतो म्हणे.’’

‘‘म्हणजे रात्री कसिनोत पाप करायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. कॉम्बो ऑफर!’’

सगळे खो-खो हसले. मीही हसलो. पण माझं हसू अर्ध्यावरच अडकलं. कारण अशाच एका बोटीवरच्या पाद्रीबाबांचं माझ्यावर थोडं उधार आहे.

आता थोडं बॅकग्राउंड. मी परभणीचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, पण समुद्र म्हटलं की छातीतली हवा जाते. कुठल्याही बाजूने बघा, शेकडो किलोमीटर समुद्राचा पत्ता नाही. आमचं पाणी म्हणजे गोदावरी. तीही उन्हाळ्यात आहे की नाही, ते जवळ जाऊन बघावं लागतं. अशा गावातून आमच्या ग्रुपमधला एक पोरगा हॉटेल मॅनेजमेंट करून थेट क्रूझवर नोकरीला लागला. काम गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. पण परभणीत हे कोण समजून घेणार? बोटीवर गेला म्हणजे कॅप्टनच! तेव्हापासून त्याचं नाव कॅप्टन पडलं ते पडलंच.

या कॅप्टनमुळेच मला बोटीवरच्या धर्माची सिस्टीम कळली. प्रकार इंटरेस्टिंग आहे. बऱ्याच क्रूझ कंपन्या ख्रिसमस आणि ईस्टरला बोटीवर पाद्री बोलावतात, ज्यूंच्या मोठ्या सणांना रब्बाय. हॉलंड अमेरिकासारख्या कंपनीने तर वर्षानुवर्षं जवळजवळ प्रत्येक सफरीवर कॅथलिक पाद्री ठेवले. बहुतेकदा हे लोक निवृत्त असतात. पगार नसतो. राहायला केबिन आणि जेवण, त्या बदल्यात रोजची प्रार्थना, अडल्यानडल्याला धीर आणि वेळ पडलीच तर अंत्यविधीची प्रार्थनाही. हो, सफरीवर माणसं मरतातही. क्रूझवर पेन्शनर मंडळींची गर्दी असते, आणि मरण काही सुट्टी बघून येत नाही.

हे फॅड आजचंही नाही. ‘टायटॅनिक’ सिनेमात बोट उभी होत असताना डेकवर लोकांना धरून प्रार्थना म्हणणारा पाद्री आठवतोय? तो काल्पनिक नव्हता. फादर थॉमस बाइल्स. सेकंड क्लासचे साधे प्रवासी. 14 एप्रिल 1912च्या रविवारी सकाळी त्यांनी बोटीवर मास म्हटला होता. त्याच रात्री हिमनग आडवा आला. लाइफबोटीत बसायला त्यांनी नकार दिला आणि शेवटपर्यंत लोकांबरोबर राहिले, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं.

पण कॅप्टन म्हणतो, प्रवाशांना पाद्री लागतो तो सणापुरता. खरी गरज असते खालच्या मजल्यांवर.

खालचे मजले म्हणजे क्रू. वर स्विमिंग पूल, आइस्क्रीम, झुंबरं, आणि पाण्याच्या पातळीजवळ खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दोन-दोन जण. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. रोज काम. रविवार नावाचा वार कॅलेंडरवर असतो, अंगाला कधी लागत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार 2006 साली झाला, 2013मध्ये लागू झाला, 2015मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. त्यात 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असं लिहिलंय. मिळतेही. पण त्या 10 तासांत झोप, कपडे धुणं, घरी फोन आणि रडणं, सगळंच बसवायचं!

म्हणून बंदराबंदरांत काही लोक या पोरांची वाट बघत बसलेले असतात. ‘मिशन टू सीफेअरर्स’ ही संस्था 1856पासून हे काम करते. ‘स्टेला मारिस’ ही कॅथलिक संस्था 1920 साली ग्लासगोत सुरू झाली. पाद्री बोटीवर चढून येतात. सिमकार्ड देतात, गावात नेऊन आणतात, घरी पैसे पाठवायला मदत करतात. तुझा धर्म कोणता, हे आधी विचारत नाहीत. 2020मध्ये कोविडने जगभरात सुमारे 4 लाख खलाशी काँट्रॅक्ट संपूनही बोटींवर अडकले, तेव्हा पाद्रींना बोटीवर चढायची बंदी होती. मग त्यांनी फोनवरून, चॅटवरून त्या पोरांशी बोलणं चालू ठेवलं.

गोव्याच्या पोरांची स्वतःची सोय आहे. मुंबईत धोबी तलावाला त्यांचे ‘कूड’ आहेत. गावागावाचा एक-एक क्लब. बोट मिळेपर्यंत तिथे स्वस्तात राहायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. रोझरी चुकवायची नाही, हा नियमच. परभणीचा कूड कुठे? आमचा कॅप्टन देवगिरीतून उतरला की लॉजवर. मेडिकल करायचं, वडापाव खायचा, आणि एकट्यानेच विमानात बसायचं.

तर 2018. ईस्टरचा आठवडा. बोट कॅरिबियन समुद्रात. कॅप्टनला वहिनीचा मेसेज आला, ‘अण्णा गेले. फोन करा.’

अण्णा म्हणजे त्याचे वडील. गावात भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दर वर्षी शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणीवरून गंगाखेडकडे वळते, तेव्हा अण्णा तीन दिवस त्यांच्यात सामील व्हायचे. आम्ही शाळेत असताना एकदा आम्हालाही ओढून नेलं होतं. मला आठवतंय ते फक्त ऊन, पिठलं आणि अण्णांचा आवाज.

पुढच्या बंदराला दोन दिवस. मग रिलीव्हर, तिकीट, ट्रान्झिट व्हिसा. सगळा हिशोब केला तेव्हा कळलं, अंत्यसंस्काराला तर नाहीच, दहाव्यालाही पोचता येणार नाही. धाकट्या भावाने अग्नी दिला. कॅप्टन त्या वेळी दोन हजार माणसांच्या डिनरसाठी बटाटे सोलत होता. सुट्टी घे म्हणाले होते, त्यानेच नको म्हटलं. केबिनमध्ये बसून करायचं काय?

ईस्टरसाठी बोटीवर एक म्हातारे पाद्रीबाबा आले होते. प्रवाशांची प्रार्थना सकाळी थिएटरात. क्रूची रात्री साडेअकराला, मेसमध्ये, कारण त्याआधी कुणाचीच ड्युटी सुटत नाही. कॅप्टन त्या रात्री तिथे गेला. श्रद्धा वगैरे काही नाही, माणसं होती म्हणून गेला. फिलिपिनो, गोंयकार, दोन-तीन केरळचे. मागच्या टेबलावर जाऊन बसला.

संपल्यावर सगळे पांगले. पाद्रीबाबा त्याच्या टेबलाशी आले आणि समोर बसले. काय झालं, विचारलं. याने सांगितलं. त्यांनी ना क्रॉस काढला, ना पुस्तक. एवढंच विचारलं, तुमच्या घरी अशा वेळी काय करतात?

कॅप्टन म्हणाला, हरिपाठ म्हणतात. संध्याकाळी. सगळे मिळून.

‘मग म्हण. मी बसतो.’

‘‘मला येतोच कुठे रे पूर्ण!’’ कॅप्टन मला सांगत होता. ‘‘अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. मधेच विसरायलो, परत पहिल्यापासून धरायलो. अण्णांनी ऐकलं असतं तर पखवाजावरूनच हाणलं असतं. पण तो बाबा बसून होता ना बे. शब्द कळत नव्हता त्याला एक. गोव्याचे दोघं निघाले होते, तेबी परत येऊन बसले. एकानं टेबलावर बोटांनी ताल धरला.’’

रात्रीचा एक वाजला होता. पाच वाजता ड्युटी.

हे सगळं त्याने मला सांगितलं ते गंगाखेडच्या घाटावर. दहाव्याच्या विधींसाठी आमच्याकडे लोक गंगाखेडला जातात. संत जनाबाईंचं गाव, गोदाकाठ. कॅप्टन पोचला तो चौदाव्या दिवशी. सगळं आटोपलं होतं. तरी म्हणाला, घाटावर जाऊन येऊ. नदी खाली गेली होती. पायऱ्या संपल्यावरही बरंच चालावं लागलं.

आणि आता माझं उधार.

अण्णा गेल्याचा मेसेज आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याच दिवशी आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. ‘आरआयपी’ टाइप केलं, खाली हात जोडलेली इमोजी टाकली आणि परत स्लाइडकडे बघायला लागलो. पुणे ते परभणी, एका रात्रीची ट्रॅव्हल्स. कॅप्टन नव्हता, म्हणून तर जायला हवं होतं. मित्राच्या जागी घाटावर उभं राहायला परभणीचं एक माणूस हवं होतं. पण त्या आठवड्यात आमचा रिलीज होता. मी मॅनेजरला विचारलंसुद्धा नाही. आज तो रिलीज कशाचा होता, तेही मला आठवत नाही.

म्हणजे बघा. परभणीत मी चौदाव्या दिवशी उगवलो. आणि समुद्रात, कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, पुन्हा कधी न भेटणारा एक म्हातारा त्याच रात्री त्याच्यासमोर बसला.

‘‘तू ख्रिश्चन झाला असता की रे,’’ मी घाटावर उगाच वातावरण हलकं करायला म्हणालो.

कॅप्टन हसला. ‘‘उलटं झालं. आता हरिपाठ पूर्ण पाठ करायलोय.’’

मी कीर्तनं चुकवणारा माणूस आहे, धर्माबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पण त्या दिवसापासून मला अण्णांची ती दिंडी वेगळी दिसायला लागली. दिंडी म्हणजे चालतं गाव. त्यात स्वयंपाकी असतो, पाण्याचा टँकर असतो, पायाला फोड आला तर डॉक्टर असतो आणि रात्री कीर्तन असतं. कीर्तन सगळे ऐकतात असं नाही. निम्मे झोपलेले असतात. पण घरापासून लांब, थकलेल्या माणसांना कुणीतरी रोज ठरल्या वेळी एका जागी बसवतं. बोट म्हणजे तरंगतं गाव. तिथेही हीच गरज.

आणि आपलं ऑफिस? तेही एक गावच की. एसी, बारा मजली, घरापासून लांब आलेल्या माणसांनी भरलेलं. आपल्याकडे योगा आहे, टेबल टेनिस आहे, ‘वेलनेस वेन्सडे’ आहे. पण बाजूच्या डेस्कवरच्या पोराचे वडील गेले आणि तो तिसऱ्या दिवशी लॉगिन करून बसला, तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचं काम कुणाच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय?

क्रूझचं आमचं बुकिंग झालंय. डिसेंबरात निघतोय. कसिनोसाठी माझं बजेट पाचशे रुपये आहे, तेव्हा तिकडचं पाप फारसं होणार नाही. पण एक ठरवलंय. रात्री साडेअकरानंतर गॅलीतून एखादा पोरगा डेकच्या कोपऱ्यात हवा खायला आलेला दिसला, तर त्याला विचारणार आहे, ‘‘गाव कोणतं?’’

आणि मग, त्याला चालत असेल तर, बसणार आहे.