पदराच्या टोकातली जवळीक

नायक-नायिका जवळ आले की पूर्वी कॅमेरा हळूच झाडाकडे वळत असे. दोन फुले एकमेकांना टेकत, पाखरांची जोडी उडून जाई आणि घरातली वडीलधारी मंडळी सुटकेचा निःश्वास टाकत. पुढे फुले गेली, पाऊस आला, भिजलेली साडी आली. आणि दूरदर्शनवर असे गाणे लागले की वडिलांना नेमकी तेव्हाच तहान लागू लागली! झाकणे आणि उघडे करणे, या दोन टोकांच्या मधे एखादी वाट असते का? पहिल्याच चित्रपटात प्रेमगीत चित्रित करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला हा प्रश्न चुकत नाही.

चेन्नईत २००१ साली या प्रश्नाला एक देखणे उत्तर मिळाले. गौतम मेनन हा यंत्र अभियांत्रिकी शिकलेला तरुण. राजीव मेनन यांच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि ‘मिन्नले’ हा पहिला चित्रपट केला. संगीतकार हॅरिस जयराज याचाही तो पहिलाच चित्रपट. तोवर तो इतर संगीतकारांकडे की-बोर्ड वाजवत असे. या दोन नवख्यांच्या चित्रपटातले ‘वसीगरा’ हे गाणे तामिळनाडूत घरोघरी पोचले. मराठी रसिकाला तीच चाल ठाऊक आहे ती ‘जरा जरा’ म्हणून. त्याच वर्षी मेननने हिंदीत केलेल्या ‘रहना है तेरे दिल में’ मधले ते गाणे. दोन्हीकडे नायक माधवन, आणि दोन्हीकडे आवाज बॉम्बे जयश्री यांचा.

नावातच ‘बॉम्बे’ असलेल्या या गायिका वाढल्या मुंबईत. पुढे व्हायोलिनवादक लालगुडी जयरामन यांच्याकडे शिकण्यासाठी त्या चेन्नईला गेल्या आणि कर्नाटक संगीतात मोठे नाव मिळवले. शृंगाराचे गाणे म्हटले की आवाजात लाडिकपणा आणायचा, ही जुनी सवय. जयश्रींनी तसे काही केले नाही. त्या शांतपणे, जवळजवळ कुजबुजल्यासारख्या गायल्या. अंगाईला जो आवाज लागतो त्याच आवाजात ओढ व्यक्त झाली आणि ती ऐकताना कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

पण या गाण्याचे खरे बळ त्याच्या शब्दांत आहे. ते लिहिले तामरै या कवयित्रीने. त्याही मूळच्या अभियंत्याच, कोइमतूरकडच्या. चित्रपटासाठी लिहायचे, पण अश्लील किंवा दुहेरी अर्थाचे लिहायचे नाही, हा त्यांचा बाणा. मग त्यांनी जवळीक कशात पाहिली? न्हाऊन आलेला तो तिला शोधत येतो आणि तिच्याच पदराच्या टोकाने डोके पुसतो, यात! चोरपावलांनी मागून येऊन त्याने मिठी मारण्यात, पावसात भिजून एका पांघरुणात झोपी जाण्यात. कोणत्याही घरात घडावीत अशीच ही चित्रे. स्वप्न पाहणारी मुलगी शरीराची लाज बाळगत नाही, पण त्याचा बाजारही मांडत नाही. हिंदीत समीर यांचे शब्द वेगळ्या वाटेने गेले; तिथे तहान आहे, दाह आहे. चाल एकच, पण तामिळ गाण्यात संसाराचा वास आहे.

ही रीत त्या मातीत फार जुनी आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या संगम काव्यात प्रेमकवितेला ‘अहम्’, म्हणजे आतली कविता, असे नाव आहे. तिच्यात प्रेमिकांची नावे घ्यायची नाहीत असा संकेत. डोंगर, रान, समुद्रकिनारा यांनीच मनाची अवस्था सांगायची. आपल्याकडे महाराष्ट्री प्राकृतात हालाची ‘गाथा सप्तशती’ आहे. तिथेही गोदाकाठ, शेत, अंगण आणि चूल यांच्या आडून स्त्रिया मनातले बोलतात. दोन्हीकडे कितीतरी कविता बाईच्या तोंडून येतात, हे विसरून चालणार नाही. शृंगार कुणाच्या नजरेतून सांगितला, यावर त्याची पातळी ठरते.

आता पडद्याची बाजू. ‘मिन्नले’ त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फिल्मवर झाला. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची फिल्म कॅमेऱ्यातून जेमतेम अकरा मिनिटांत संपते. पाच मिनिटांचे गाणे एकदा सलग टिपायचे तर साडेचारशे फूट लागतात. हालचाल स्वप्नासारखी संथ हवी असेल तर कॅमेरा दुप्पट वेगाने फिरवायचा. म्हणजे फिल्मही दुप्पट! त्यात ओठ जुळायला हवेत म्हणून ध्वनिमुद्रित गाणेही दुप्पट वेगाने वाजवतात आणि कलावंत त्या चिरक्या, पळत्या आवाजाबरोबर ओठ हलवतात. पडद्यावर जे हळुवार दिसते, ते चित्रित होताना असे धांदलीचे असते. भोवती दिवे, पंखे, वीस-तीस माणसे. त्यात पहिल्यांदाच काम करणाऱ्याने लाजावे कधी आणि प्रेम करावे कधी?

म्हणूनच फिल्मवर काम करणाऱ्याला आधी ठरवावे लागे. स्पर्श कुठे, किती, कशासाठी, हे कागदावर पक्के झाल्याशिवाय कॅमेरा सुरू करणे परवडत नसे. आज मोबाईलवरही गाणे चित्रित होते आणि हवे तितके टेक घेता येतात. पण नटीला किंवा नटाला दहाव्या वेळी तेच करायला लावताना तिच्या-त्याच्या मनाचा विचार होतो का? अलीकडे आपल्याकडेही अशा दृश्यांसाठी ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ नेमू लागले आहेत. काय चालेल आणि काय नाही, हे आधी विचारून, ठरवून घेणे हे त्यांचे काम. विश्वास असेल तरच जवळीक खरी दिसते.

आणि इथेच या गाण्याच्या कथेतला काटा टोचतो. चित्रपटातला नायक मुलीला फसवतो आहे. तिचे लग्न ज्याच्याशी ठरले आहे तोच आपण, असे सांगून तो तिच्या जवळ आला आहे. तिला हे ठाऊक नाही; प्रेक्षकाला आहे. म्हणजे पदराला डोके पुसणाऱ्या ज्या माणसाचे स्वप्न ती पाहते, तो ते नाव धारण करणारा माणूसच नव्हे. कथेत पुढे तिला सत्य कळते तेव्हा ती रागावते, ते याचसाठी. चुंबन चोरण्याहून विश्वास चोरणे मोठे. आजच्या मुली हा चित्रपट पाहताना नायकाला सहज क्षमा करत नाहीत, यात नवल काय?

हिंदी चित्रपट २००१ मध्ये फारसा चालला नाही. छोट्या पडद्याने त्याला हळूहळू माणसे मिळवून दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले ‘जरा जरा’ गुणगुणत होती.

पहिले प्रेमगीत चित्रित करायला निघालेल्या तरुणाने एवढेच ध्यानात ठेवावे: आधी पदराचे टोक शोधावे, कॅमेरा मागाहून.