फिर्यादीचे पुढे काय होते?

२०११ सालच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. माझी आत्या अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वराच्या दर्शनाला गेली होती. परतताना तिन्हीसांजा झाल्या. गल्लीच्या तोंडाशी मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्या पोराने तिच्या गळ्यातल्या साखळीला हात घातला आणि पापणी लवायच्या आत दोघेही पसार झाले. आत्या पडली. गुडघे फुटले, मानेवर लाल वळ उठला. साखळी अडीच तोळ्यांची होती. तिच्या यजमानांनी निवृत्तीच्या पैशातून केलेली. ते जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी अमरावतीहून अकोल्याला पोचलो आणि आत्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे कोणते, हे महत्त्वाचे नाही. कुठल्याही गावचे असू शकते. तक्रार लिहून घेणारा माणूस वाईट नव्हता. त्याने आत्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, ‘‘एवढे सोने घालून एकट्याने कशाला हिंडता, मावशी?’’ नंतर भेटायला आलेल्या नातेवाइकांनीही तेच विचारले. शेजाऱ्यांनीही तेच. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच म्हणू लागली, ‘‘माहीच चूक झाली बाप्पा. काहून घातली असन मी ते साखळी?’’

चोरी कोणी केली, याचा तपास लागायचा होता. चूक कोणाची, याचा निकाल मात्र तीन दिवसांत लागला होता!

या अनुभवानंतर काही वर्षांनी एका विद्याशाखेचा परिचय झाला आणि गंमत वाटली. गुन्ह्याने ज्याचे नुकसान होते त्या माणसाचा अभ्यास करणारे हे शास्त्र आहे. आपण त्याला बळीविज्ञान किंवा पीडितशास्त्र म्हणू. गुन्हेगाराचा अभ्यास जुना. त्याची कवटी मोजण्यापासून त्याच्या बालपणापर्यंत सगळे तपासून झाले होते. पण ज्याच्यावर घाव पडला त्याच्याकडे विद्वानांचे लक्ष गेले ते गेल्या शतकाच्या मध्यावर. मूळचे रुमानियाचे वकील बेंजामिन मेंडेलसोन आणि जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले अभ्यासक हान्स फॉन हेंटिग हे या शास्त्राचे आद्य पुरुष मानले जातात. हेंटिग यांचा ग्रंथ १९४८ सालचा. आणि या दोघांचाही पहिला प्रश्न कोणता होता? गुन्हा घडण्यात बळी पडलेल्याचा स्वतःचा वाटा किती! म्हणजे आत्याला ठाण्यात विचारला गेला तोच प्रश्न. फरक इतकाच, की पुढे तीस-चाळीस वर्षांत अभ्यासकांनी तो प्रश्न बाजूला सारला. तुमची चूक किती, याऐवजी तुमचे काय गेले आणि ते परत कसे मिळेल, असे ते विचारू लागले. आपल्या गल्लीबोळांत मात्र पहिलाच प्रश्न अजून चालतो.

हा बदल जगाने मान्य केला तो २९ नोव्हेंबर १९८५ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या दिवशी गुन्ह्याच्या बळींसाठी एक जाहीरनामा मंजूर केला. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. न्यायाच्या दारात सन्मानाची वागणूक, गुन्हेगाराकडून परतफेड, ती होत नसेल तर सरकारकडून भरपाई, आणि औषधोपचारापासून मनाच्या उभारीपर्यंत लागणारी मदत. यातील सरकारी भरपाईची वाट न्यूझीलंडने १९६३ सालीच कायदा करून दाखवली होती. रस्त्यावर नागरिकाला सुरक्षित ठेवणे हे राज्याचे काम. ते जमले नाही, तर झळ सोसणाऱ्याचा भार राज्याने काही अंशी उचलावा, असा त्यामागचा साधा विचार.

हा विचार आपल्याकडे अगदीच परका नव्हता. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्या मुलखाचा अहवाल लिहिला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होते. तरी त्या अहवालात वर्णिलेली गावरहाटी आपल्या ओळखीची वाटते. चोरी झाली की गावच्या जागल्याने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी शेजारच्या गावाची. ज्या गावात माग संपेल तिथल्या जागल्याने चोरीच्या मालाची भरपाई करायची आणि त्याच्या ऐपतीपलीकडची रक्कम गावाने भरायची. ही रीत न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. गावात ज्याच्याजवळ सर्वांत कमी त्याच्याच डोक्यावर तिचे ओझे पहिल्यांदा पडे. पण चोरी झाली म्हणजे कोणाचे तरी घर रिकामे झाले आणि ते भरून द्यायचे आहे, एवढे भान तिच्यात होते. पुढे इंग्रजी अंमलात गुन्हा हा सरकारविरुद्धचा अपराध ठरला. खटला सरकार चालवणार, दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याचे गेले तो उरला केवळ साक्षीदार. १८६१ साली देशाला पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता मिळाली. ‘पीडित’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या त्या संहितेच्या परंपरेत आली ती ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

आत्याच्या साखळीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दीड वर्षाने चोर सापडले, साखळीही सापडली. पेढे वाटले आम्ही! पण साखळी आता ‘मुद्देमाल’ झाली होती. लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात ती बंद होती. तारखेला आत्या जायची, बाकावर बसायची, पुढची तारीख घेऊन यायची. साखळी हाती पडायला चौथे वर्ष उजाडले. आणि नंतर कळले, की सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई या खटल्यात २००२ सालीच बजावले होते: असा माल पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा अधिक काळ ठाण्यात अडकवू नये, पंचनामा करून, फोटो काढून, हमी घेऊन तो मालकाला द्यावा. म्हणजे साखळी चोरीला जाण्याच्या नऊ वर्षे आधीचा निकाल! आम्हाला तो कोणी सांगितला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही कोणाला विचारले नाही. फिर्यादीने गप्प बसायचे असते, अशीच आमची समजूत.

वऱ्हाडात मात्र ‘बळी’ हा शब्द उच्चारला की साखळीचोरीच्या आधी दुसरेच घर डोळ्यांपुढे येते. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे, कर्ता पुरुष गमावलेले घर. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांत अमरावती आणि अकोला हे दोन्ही होते. राज्य शासनाने त्याच वर्षीपासून अशा घराला १ लाख रुपये देण्याचे ठरवले. पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. कर्ज होते काय, ते बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता काय, हे तपासले जाते. आता या कसोटीतली मेख पाहा. ज्याने बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेतले, ज्याच्याकडून कर्जापोटी शेताची खरेदीच लिहून घेतली गेली, त्याच्याबाबतीत तर सरळ गुन्हा घडलेला. पण त्याच कर्जाला कागद नाही, म्हणून त्याच्या विधवेचा अर्ज ‘अपात्र’ होण्याची भीती. गुन्ह्याचा बळी असणे हीच तिची अडचण!

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने या बाबतीत एक दार उघडले. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहेच. पण त्याहून मोलाची तरतूद अशी, की अवैध सावकारीत हडपलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला, आहे. सावकार तुरुंगात गेला तर गावाला समाधान मिळेल. शेत परत मिळाले तर पोरांना भाकर मिळेल. आपण बातमी वाचतो ती पहिल्या गोष्टीची.

दंगलींचेही तसेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली, मे २०२३ मध्ये अकोला. किती जणांना अटक झाली, संचारबंदी कधी उठली, याचे आकडे रोज छापून आले. ज्याची गाडी वा दुकान जळाले तो माणूस सहा महिन्यांनी काय करत होता, हे आपल्यापैकी कितींनी विचारले?

१९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक त्यामागे होते. सुरक्षा म्हणजे केवळ सीमेवरच्या तोफा नव्हेत. पोटाला अन्न, हाताला काम, आजारात औषध, शेजाऱ्यापाजाऱ्यांत निर्धास्तपणा आणि रस्त्याने चालताना जिवाची शाश्वती, हीसुद्धा सुरक्षाच, असे त्यांचे म्हणणे. आत्याने एवढे मोठे पुस्तक वाचलेले नाही. पण साखळी परत आली त्या दिवशी ती डब्यात ठेवताना मला म्हणाली, ‘‘सोनं त आलं बापू. पन मागून गाडीचा आवाज आला का अजून मले भेव वाटते. थे कोन वापस देईन?’’ चार वर्षांत ती संध्याकाळी एकदाही घराबाहेर पडली नव्हती. चोरीला साखळी गेली असे आम्ही समजत होतो. तिच्या संध्याकाळी गेल्या होत्या.

कायद्याने काहीच केले नाही असे मात्र नाही. दलित-आदिवासींवरील अत्याचारांच्या कायद्याखालील १९९५ च्या नियमांनी पीडितांना टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य देण्याची रीत घातली. इतर कायद्यांना ती पुढे कित्येक वर्षे सुचली नाही. २०१३ साली आपल्या राज्याने बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना आणली. त्याच वर्षी अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की भरपाई द्यायची की नाही याचा विचार फौजदारी न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात केलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एफआयआरची प्रत मोफत मिळण्याचा हक्क आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला वा पीडिताला कळवायचे आहे. मुद्देमालाची यादी आणि फोटो झाल्यावर तीस दिवसांत त्याबाबत आदेश व्हायचा आहे. जिवाची किंवा शरीराची हानी झाली असेल आणि गुन्हेगार सापडलाच नसेल, तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. हे प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात आहे; अमरावतीत आहे, अकोल्यातही आहे.

हक्क कागदावर आहेत. पण ज्याच्या घरात कालच घाव पडला आहे, त्याला संहिता चाळायचे बळ कोठून यावे? ते काम बाकीच्यांचे आहे. ठाण्यात बरोबर जाणे, एफआयआरची प्रत मागून घेणे, तारखेच्या दिवशी बाकावर शेजारी बसणे, प्राधिकरणाचा अर्ज भरून देणे, यासाठी वकिलाची पदवी लागत नाही. आणि सर्वांत आधी करायचे काम तर फुकटचे आहे. ‘तुम्ही तिथे कशाला गेला होता?’ हा प्रश्न तोंडातून बाहेर पडू द्यायचा नाही.

आत्या पुन्हा राजराजेश्वराला जाऊ लागली, ती न्यायालयाच्या निकालाने नव्हे. गल्लीत भाजी विकणारी एक बाई तिला एका श्रावणात म्हणाली, ‘‘सोमवारी म्या येतो तुमच्यासंगं, मावशी. चाला.’’ पहिल्या सोमवारी दोघी गेल्या. पुढच्या सोमवारी चौघी झाल्या. साखळी अजून डब्यातच आहे. आत्या मात्र दर सोमवारी दिवेलागणीला घराबाहेर पडते, आणि आम्ही कोणी तिला ‘लवकर ये’ असे म्हणत नाही.