हाताजोगें यंत्र

गेल्या महिन्यांत अमरावतीहून अकोल्यास पुतण्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. पोहोंचलों तेव्हां दिवाणखान्यांतील संगणकापुढें तीन खोकीं उघडीं पडलीं होतीं. एकांत खेळाचा कीबोर्ड, दुसऱ्यांत माउस, तिसऱ्यांत कानांवर चढवावयाचा हेडसेट. पुतण्याच्या चौदा वर्षांच्या मुलानें मुंजींत व दिवाळींत मिळालेले सारे पैसे या खरेदींत घातले होते, आणि तरीही चिरंजीव रडकुंडीस आले होते. "आजोबा, बाण मी नेतों तिकडे जातच नाहीं. कालपासून हरूनच राहिलों मी." पुतण्या वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां म्हणाला, "हात सुधार आधीं. सारें जग उजव्या हातानें काम करतें." मुलगा डावखुरा आहे. तें वाक्य ऐकून मी चपापलों. कां, तें शेवटीं सांगेन.

ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ह्या चार गोष्टी सांगाव्या, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. या सामानाचा विषय आणि प्रयोजन दुकानदार तोंडभर सांगतो. अधिकारी कोण, म्हणजे वस्तु कोणाच्या हातीं जाणार, हें मात्र कोणीच विचारीत नाहीं. आम्हीं दोघांनीं मग वही घेतली आणि त्या प्रश्नापासून आरंभ केला.

प्रथम जोडणी. यूएसबीचें पहिलें प्रमाण १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं निरनिराळ्या उपकरणांच्या खुंट्या निरनिराळ्या असत. आतां खुंटी बसतांक्षणीं उपकरण आपण कोण हें संगणकास स्वतःच सांगतें आणि साधें काम चालूं होतें. अधिक गुणांसाठीं निर्मात्याचा प्रोग्राम लागतो. तो त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, भलत्या ठिकाणाहून घेऊं नये. तिन्ही वस्तु एकदम लावूं नयेत. एक लावावी, तपासावी, मग दुसरी. म्हणजे दोष कोणाचा तें कळतें. मुलानें सर्व तारा एकाच जोडपट्टींतून नेल्या होत्या. त्या काढून संगणकाच्या मागच्या बाजूस थेट लावल्या.

दुसरी गोष्ट माउसची चाल. डीपीआय म्हणून जो आंकडा असतो त्याचा अर्थ इतकाच कीं, हात एक इंच सरकला असतां माउस किती पावलें मोजतो. आंकडा मोठा तितका माउस चांगला, अशा समजुतीनें मुलानें तो ३२०० वर नेला होता. परिणामीं बोट थरथरलें तरी बाण पडद्याच्या कडेस जाई. तो ८०० वर आणला. नंतर विंडोजमधील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढली. ती असली म्हणजे हात जलद हालतांच बाण प्रमाणाबाहेर धांवतो. नसली म्हणजे तितक्याच हालचालीस नेहमीं तितकेंच अंतर मिळतें, आणि हातास संवय लागते ती अशा नियमामुळेंच. माउस आपली बातमी सेकंदास १२५ वेळां देतो कीं १००० वेळां, हेंही ठरवितां येतें. पहिल्यांत दोन बातम्यांमध्यें ८ मिलिसेकंद जातात, दुसऱ्यांत १. प्रत्येक बदल वहींत लिहिला, आणि एका वेळीं एकच केला.

हेडसेटचें काम सोपें निघालें. ध्वनीच्या मांडणींत मायक्रोफोन म्हणून जुनेंच उपकरण निवडलेलें होतें, तें बदलतांच मुलाचा आवाज मित्रांस ऐकूं गेला. कीबोर्डाच्या कळा मात्र टकटक वाजणाऱ्या होत्या. बिनआवाजाच्याही मिळतात, पुढच्या वेळीं घरांतील वडील मंडळींची दुपारची झोंप लक्षांत घेऊनच निवड करावी, असें सूनबाईंनीं बजावलें, आणि तें योग्यच होतें.

एवढें करूनही मुलाचा आंगठा अवघडतच होता. तेव्हां मीं माउस हातांत घेऊन पाहिला. त्याची पाठ उजव्या तळव्यास बसेल अशी वळविलेली, आणि आंगठ्याचीं दोन बटणें डाव्या कुशीवर. डाव्या हातीं धरल्यास तीं करंगळीखालीं येत. म्हणजे दोष पोराच्या हाताचा नव्हता, निवडीचा होता! दुसरे दिवशीं दुकानदारानें भलेपणानें तो माउस परत घेऊन दोन्ही बाजूंनीं सारखा असलेला दिला. मग विंडोजमध्यें मुख्य बटण उजवें केलें. कांहीं खेळ ही अदलाबदल जुमानीत नाहींत. तेथें खेळाच्या स्वतःच्या मांडणींत ती करावी लागते. चालण्याच्या कळाही डब्ल्यू, ए, एस, डी ह्या डावीकडच्या असतात, कारण उजव्या हातीं माउस असें गृहीत धरलेलें असतें. त्या आय, जे, के, एल वर नेल्या आणि मोकळा उजवा हात तेथें विसांवला.

यावर पुतण्यानें रास्त शंका काढली. "संगणक साऱ्या घराचा आहे, काका. बटणें उलटीं केलीं तर बाकीच्यांनीं काय करायचें?" उत्तर असें कीं, विंडोजमध्यें प्रत्येकाचें निराळें खातें उघडावें, बटणांची ही मांडणी ज्याच्या त्याच्या खात्यापुरतीच राहते. एकत्र कुटुंबास ही सोय फार उपयोगाची आहे.

सायंकाळीं मुलानें पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनें २०२० सालीं काढलेला 'राजी' हा खेळ लावला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास शोधणारी मुलगी त्यांत आहे आणि तिच्या पाठीशीं दुर्गा. मुलगा तीनदां हरला, पण बाणास दोष दिला नाहीं. मांडणी म्हणजे सराव नव्हे. ती सरावाच्या वाटेंतील खडे तेवढे दूर करते.

डग्लस एंगलबार्ट यांनीं १९६८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें माउसचें जाहीर प्रात्यक्षिक दाखविलें, तेव्हां एका हातास माउस होता आणि दुसऱ्यास पांच कळांचा लहानसा पट. मी हा मजकूर ज्या इनस्क्रिप्ट मांडणीनें लिहितों, ती आपल्या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं ठरविली. तींत स्वर डावीकडे आहेत, व्यंजनें उजवीकडे. स्वराच्या आधारावांचून व्यंजन उभें राहत नाहीं, हें मीं वर्गांत आयुष्यभर शिकविलें.

आतां राहिलेलें सांगतों. हा पुतण्या सहा वर्षांचा असतां शिक्षणासाठीं आमच्याकडे अमरावतीस होता. तो डाव्या हातानें लिही. मीं त्याच्या बोटांवर पट्टी मारून पेन्सील उजव्या हातांत दिली आणि म्हणालों, "सारें जग उजव्या हातानें काम करतें." तें वाक्य माझें होतें. त्याचें अक्षर मीं सुधारलें, असें पुढें कित्येक वर्षें मी अभिमानानें सांगत असें. वास्तविक त्याचें अक्षर आजही ओढगस्त आहे, आणि तें ओढगस्त करणारा मीच.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं हें सर्व त्याच्या मुलादेखत बोलून दाखविलें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें उठून संगणकापाशीं गेला, नवा माउस डाव्या हातीं घेतला आणि बाण पडद्यावर दोनचार वेळां इकडून तिकडे फिरविला.

मग म्हणाला, "काका, माझ्याही खात्यांत बटणें अशींच करून द्या."