प्लेटचे पेटंट आणि छापखान्यातली जुनी चलने

फुजीफिल्म आणि कोडॅक यांच्यातला छपाईच्या प्लेटच्या पेटंटचा झगडा २०२५ मध्ये युरोपच्या एकीकृत पेटंट न्यायालयात निकाली निघू लागला. एकाच न्यायालयाच्या दोन पीठांनी दोन वेगवेगळ्या दिशा दाखवल्या. २८ जानेवारीला ड्युसेलडॉर्फच्या पीठाने फुजीफिल्मचे एक पेटंट जर्मनीपुरते रद्द केले. २ एप्रिलला मानहाइमच्या पीठाने फुजीफिल्मच्याच दुसऱ्या पेटंटचा कोडॅककडून भंग झाल्याचे मान्य केले आणि जुलैत त्या पेटंटच्या ब्रिटनमधील भागालाही तोच न्याय लावला.

असे वाद कित्येकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवरून पेटतात. ग्रेनिंग झालेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ॲनोडायझिंग केले की ऑक्साइडचा थर चढतो. त्यातली छिद्रे नॅनोमीटरमध्ये मोजायची. ती किती रुंद, किती खोल, यावर कोटिंगची पकड आणि कोऱ्या भागाची पाणी धरण्याची ताकद ठरते. मशीनमनला दिसतो तो फक्त परिणाम: प्लेट लवकर झिजते किंवा पांढऱ्या जागेवर शाई धरते.

पेटंट पाडायचे तर ‘हे आधीपासून होतेच’ हे कागदोपत्री दाखवावे लागते. अमेरिकेतल्या आग्फा विरुद्ध क्रिओ खटल्यात प्लेटसेटरमध्ये प्लेटा आपोआप चढवणाऱ्या यंत्रणेची आग्फाची सहा पेटंटे पणाला लागली होती. बाजारात आधीच आलेल्या यंत्रांची माहिती पेटंट कार्यालयापासून दडवल्याचे न्यायालयाला आढळले आणि सहाही पेटंटे निरुपयोगी झाली. २००६ मध्ये अपिलातही तेच कायम राहिले.

युरोपातले हे निकाल भारताला बंधनकारक नाहीत. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा चालतो आणि त्याचे कलम २५ मुद्रकांच्या फार कामाचे आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर संबंधितांना एक वर्षाची मुदत मिळते. अर्जदाराच्या अग्रक्रम-तारखेआधी दाव्यातली गोष्ट भारतात उघडपणे वापरात होती, हा हरकतीचा रीतसर आधार आहे.

तो वापर कुठे झाला? छापखान्यांतच. म्हणून प्लेटच्या खोक्यावरचे बॅच नंबरचे लेबल, तारखेचे चलन, पुरवठादाराचे तांत्रिक पत्रक रद्दीत घालू नये. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते, संकेतस्थळावर फुकट वाचता येते. मुद्रक संघांनी प्लेटसंबंधीचे अर्ज त्यातून नियमित वेचून सभासदांपर्यंत पोचवायला आताच सुरुवात करावी.