अंदेशा नको, अंदाज हवा

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर आमचा भाचा दुकानात आला. पनवेलला त्याचे तयार कपड्यांचे छोटेसे दुकान आहे. हातात एका बिल्डरचे रंगीत पत्रक होते. बसायच्या आधीच म्हणाला, "मामू, उलव्याला गाळा मिळतोय. विमानतळ झालं, आता भाव कुठल्या कुठे जातील. अम्मीचं घर तारण ठेवलं, दुकानातला थोडा माल काढला की रक्कम उभी राहते. घेऊ का?"

घर आमच्या बहिणीच्या नावावर आहे. तिचे यजमान हयात नाहीत आणि त्या दोन खोल्यांशिवाय तिच्यापाशी दुसरे काही नाही. मुलाने कागद पुढे केला तर ती काही न विचारता सही करील, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आम्ही भाच्याला होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत मनात जे आले, ते आज व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. कारण गाळा असो, उधारी असो की कोणाला जामीन राहणे असो, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे दोन शब्द कानाला सारखे लागत आणि आम्ही त्यांत नेहमी गल्लत करीत असू. एक अंदेशा, दुसरा अंदाजा. अंदेशा म्हणजे मनातली धास्ती, अंदाजा म्हणजे मापून बांधलेला हिशेब. तीस वर्षे गजपट्टी हातात धरल्यावर आज असे वाटते की, आपले बहुतेक लोक एक तर अंदेशा धरून बसतात, नाही तर दोन्ही शब्द विसरून उडी घेतात. अंदाज बांधणारा क्वचित दिसतो.

जोखीम टाळून कोणाचेच चालत नाही. आपण राहतो ती नवी मुंबईच जोखमीवर उभी आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा इथे खाडी, भातशेती, मिठागरे आणि गावठाणे होती. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल झाला. मुंबईचे घाऊक बाजार इकडे हलवायचे ठरले, तेव्हा "खाडीपलीकडे कोण माल घ्यायला येणार?" असे म्हणत अनेक व्यापाऱ्यांनी पाय मागे घेतले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८० च्या दशकात आला, मसाला आणि धान्याचे त्यानंतर आणि भाजी-फळांचे १९९६ मध्ये. आज तिथल्या ट्रकांच्या रांगा पाहिल्या की, ज्यांनी हिंमत केली ते शहाणे ठरले असे सहज वाटते.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पूल १९७३ चा, आणि मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली ती मे १९९२ मध्ये. मधे १९ वर्षे गेली. नवे शहर वसणार, हा अंदाज अगदी खरा ठरला. पण १९ वर्षे कळ काढण्याची ताकद किती जणांकडे होती? विमानतळाचेही तेच. त्याची चर्चा १९९० च्या दशकापासून आपण ऐकत होतो. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. "विमानतळ येणारच" म्हणणारे बरोबर होते. तरीही ज्याने उधारीच्या पैशांवर आणि दोन-तीन वर्षांच्या बोलीवर जागा धरली असेल, त्याच्या हातून ती विमान उडण्याआधीच निसटली असेल. बाजारात बरोबर असून भागत नाही. आपले बरोबर ठरेपर्यंत उभे राहता आले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, कोणतीही जोखीम घेताना "होईल की नाही होईल" एवढेच विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. बुडाले तर किती बुडेल? अशी जोखीम किती वेळा घेणार? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची ऐपत आहे का?

पहिला प्रश्न आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलो. २०११ साली ईदच्या हंगामात एका ओळखीच्या दुकानदाराने मोठी मागणी नोंदवली. सहा वर्षांचा व्यवहार, एकदाही हप्ता चुकलेला नाही. आमच्या एकूण भांडवलाच्या जवळजवळ निम्मा माल आम्ही तीन महिन्यांच्या उधारीवर दिला. पैसा बुडण्याची शक्यता फार थोडी होती, आजही आम्ही तसेच म्हणू. पण त्यांचे पैसे पुढे कुठे तरी अडकले आणि आमचे त्यांच्याकडे अडकले ते कायमचे. त्यांना आम्ही बेइमान म्हणणार नाही. चूक आमची होती. शक्यता किती ते आम्ही पाहिले, रक्कम किती ते पाहिले नाही. पुढची दोन वर्षे घरातले सोने कुठे गेले, हे मुलांना सांगताना जड जात होते.

हिशेब करून पाहा. घाऊक कापडात सर्व खर्च वजा जाता शेकडा ८ रुपये सुटले तर आपण अल्लाहचे आभार मानतो. म्हणजे एक लाखाच्या मालात आपली लागत ९२ हजार आणि नफा ८ हजार. एक लाख बुडाले तर नुसती लागत भरून काढायला साडेअकरा लाखांचा नवा माल विकावा लागेल. आता तर कापडावरचा ५ टक्के जीएसटीही आपण आधीच भरलेला असतो आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून सरकार तो परत करीत नाही. तेव्हापासून आमच्या दुकानात एक नियम आहे. पार्टी कितीही जुनी असो, एकाकडे भांडवलाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त उधारी ठेवायची नाही. तेवढे बुडाले तर जीव हळहळेल, पण दुसऱ्या दिवशी शटर उघडता येईल.

हेच माप बँकेतल्या ठेवीलाही लावावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मुंबई परिसरातल्या कितीतरी छोट्या व्यापाऱ्यांचा पगाराचा आणि मालाचा पैसा तिथे एका रात्रीत गोठला. त्या वेळी ठेवींचा विमा १ लाखापर्यंत होता. फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला आहे. ही मर्यादा एका बँकेतल्या एका खातेदाराच्या सर्व खात्यांना आणि सर्व शाखांना मिळून असते. शाखा बदलून पैसे ठेवले तर संरक्षण वाढत नाही, बँक बदलली तर वाढते. याला पैसा लागत नाही, एक दुपार लागते.

दुसरा प्रश्न किती वेळा, हा. रोजची छोटी जोखीम आपल्या नजरेत भरत नाही, कारण ती काल पचली, परवाही पचली. समजा, एखाद्या गोष्टीत हजारांत एकदा घात होतो. एक दिवसापुरते हे काहीच नाही. पण वर्षाचे ३०० दिवस तेच केले तर वर्षभरात एकदा तरी घात होण्याची शक्यता चारांत एक एवढी होते, आणि दहा वर्षांत शंभरांत पंचाण्णव. मग घात झाला की आपण "नशीब" म्हणतो. ते नशीब आपणच रोज थोडे थोडे जमवलेले असते.

गोदामात एका सॉकेटवर तीन प्लगा, जवळच कापडाचे तागे आणि उघडी वायर. हे आपल्यापैकी किती जणांकडे आहे? दुकानातल्या पोराला रोकड देऊन स्कूटरवर बिनहेल्मेट पिटाळणारे किती? पूल चढायचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडणारे किती? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा मोठा होता. वाचतात किती, तर पाच मिनिटे. दुकानात आपण चार आण्यांसाठी घासाघीस करतो आणि रुळावर जीव इतका स्वस्त विकतो. विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो विषय जाणकारांवर सोडू. पण वायर बदलणे, आग विझवण्याचे नळकांडे भिंतीला टांगणे आणि पुलावरून जाणे, यांबद्दल कोणाचाही मतभेद असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता उलट बाजू. दुधाने तोंड पोळल्यावर आम्ही ताकही फुंकून पिऊ लागलो होतो. २०११ च्या फटक्यानंतर दुकानात पाटी लावली, "उधारी बंद". मनाला फार बरे वाटले. दोन वर्षांत उरण-पेणची निम्मी गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. कापडाच्या धंद्यात किरकोळ दुकानदार माल विकून पैसे देतो, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक होते. तरी अंदेशाने ते विसरायला लावले. या तोट्याची नोंद वहीत कुठेच होत नाही, कारण जो माल विकलाच गेला नाही त्याचे बिल फाडले जात नाही. पण तो तोटा असतोच. पाटी आम्ही काढली आणि दहाव्या हिश्श्याचा नियम लावला, तेव्हा कुठे धंदा पुन्हा मार्गी लागला.

उधारी द्यावी, पण लिहून द्यावी. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दलच आहे, हे आपण वाजात ऐकतो आणि दुकानात विसरतो. "आपसातला माणूस, कागद कशाला?" असे म्हणणे ही दिलदारी नव्हे. कागद नसला की वाद होतो आणि पैशाबरोबर माणूसही जातो. कारागीर बंधू-भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जरी, शिलाई, रंगाई, यंत्रमाग असे काम करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी केली असेल तर २००६ च्या कायद्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत त्यांना मोबदला मिळाला पाहिजे. न मिळाल्यास सरकारी परिषदेकडे दाद मागता येते. आमच्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे कवच नाही, तुम्हांला आहे. नोंदणी फुकट होते. ती न करणे हीसुद्धा रोजची जोखीमच आहे.

आता भाच्याकडे येतो. दोन दिवसांनी तो आला, तेव्हा आम्ही त्याच्यापुढे तेच तीन प्रश्न ठेवले. बुडाले तर किती? तर आईचे छप्पर. त्याला दहावा हिस्सा म्हणत नाहीत, ते सगळेच आहे. किती वेळा? तर एकदाच, कारण दुसऱ्यांदा तारण ठेवायला काही उरणार नाही. थांबण्याची ऐपत? तर माल काढल्यामुळे येत्या ईदला पनवेलचे दुकान अर्धे रिकामे आणि कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. शिवाय व्याज, त्याचा हिशेब वेगळा द्यावा लागेल.

उलवे वाढेल का? वाढेल असेच आम्हांलाही वाटते, हे आम्ही त्याला सांगितले. म्हणून नाही म्हटले नाही. म्हटले, "बेटा, तिथेच एक छोटा गाळा ११ महिन्यांच्या कराराने भाड्याने घे. दुकानातला जुना पडलेला माल तिकडे ने. गिऱ्हाईक कुठून येते, संध्याकाळी रस्त्यावर किती माणसे असतात, ते डोळ्यांनी पाहा. नुकसान झाले तर भाड्याचे होईल, ते आपण दोघे सोसू. आणि आपाच्या कागदाला हात लावू नकोस."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, तोपर्यंत भाव निघून जाईल." जाईलही. ती किंमत आम्ही त्याच्यापासून लपवली नाही. एक चांगली संधी हुकली तर माणूस हळहळतो आणि दुसरी शोधतो. घर गेले तर शोधायला बसायची जागाही राहत नाही. पत्रक त्याने घडी घालून खिशात ठेवले आणि सलाम करून निघून गेला. त्याने काय ठरवले ते अजून आम्हांला कळलेले नाही.

बांधवहो, अल्लाहवर भरवसा ठेवणारा माणूस हिशेब टाळत नाही. जिथे बुडाले तरी उद्या दुकान उघडता येते, तिथे बेधडक हात घाला. आपली मुले त्या हिंमतीवरच पुढे जातील. आणि जिथे एकाच घावात घर, जीव किंवा इभ्रत जाते, तिथे नफा कितीही दिसो, पाऊल मागे घ्या. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी उधारीची वही उघडा. सर्वांत मोठे नाव कोणाचे आहे ते पाहा, आणि ती रक्कम आपल्या भांडवलाचा कितवा हिस्सा आहे, ते पेन्सिलीने त्याच्यापुढे लिहून ठेवा.