कारण सापडलं नाही, ही चांगली बातमी असू शकते!

लागोपाठ दोन-तीनदा गर्भपात झाला की घरोघरी चौकशी समिती बसते. पिकली पपई खाल्ली का? जिना चढलीस का? स्कूटरवर कशाला गेलीस? शेवटी सगळा ठपका येतो तो बाईवर. तीही मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत राहते. म्हणून आधीच सांगतो, यातल्या कशानेही गर्भपात होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या साधारण निम्म्या गर्भपातांत त्या गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. त्यात तुमचा काहीही दोष नसतो.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का? जरूर करायच्या. दोन गर्भपात झाले की थायरॉईड पाहावा, सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार पाहावा आणि मुख्य म्हणजे 'अँटीफॉस्फोलिपिड' प्रतिपिंडं तपासावीत. ही तपासणी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. एका रिपोर्टवर निदान होत नाही.

हा आजार असेल तर उपचारांचा खरंच उपयोग होतो. १९९७ साली लंडनमध्ये अशा ९० स्त्रियांचा अभ्यास झाला. नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना मूल झालं. सोबत हेपॅरिनची इंजेक्शनंही घेतली, त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के होतं.

गडबड झाली ती यानंतर. इंजेक्शन चांगलं ना, मग द्या सगळ्यांनाच! आज रिपोर्ट नॉर्मल असूनही पोटावर रोज सुई टोचून घेणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. पोटावर काळेनिळे डाग आणि खिशाला भोक. कारण न सापडलेल्या स्त्रियांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात (२०१०) अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा काहीही फायदा दिसला नाही. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्यांतही, २०२३ च्या अभ्यासात, हेपॅरिन घेतलं काय नि न घेतलं काय, मूल होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

प्रोजेस्टेरॉनचं काय? कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रियांवरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या १०० पैकी ६६ जणींना मूल झालं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या १०० पैकी ६३ जणींना. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मात्र आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेत आणि आता पुन्हा दिवस राहून रक्तस्राव होतो आहे, अशा स्त्रियांना याचा फायदा होतो असं २०१९ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे औषध वाईट नाही, ते कोणाला द्यायचं हे महत्त्वाचं.

आता तो ६३ चा आकडा पुन्हा वाचा. वारंवार गर्भपात झालेल्या, कुठलंही खरं औषध न घेतलेल्या या स्त्रिया. तरी त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या मांडीवर बाळ आलं!

पेशंटला रिकाम्या हाताने घरी पाठवणं आम्हा डॉक्टरांना जड जातं, हे कबूल. काहीतरी लिहून दिलं की दोघांनाही बरं वाटतं. पण 'तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, फॉलिक अ‍ॅसिड घ्या, पुन्हा प्रयत्न करा, दिवस राहिले की लवकर या, मी सोबत आहे' हेही उपचारच आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी दोघंही जा. नवऱ्यालाही आत बसवा. आणि विचारा, 'डॉक्टर, हे इंजेक्शन माझ्या कुठल्या रिपोर्टसाठी?' फक्त चालू असलेलं औषध आपल्या मनाने बंद करू नका.