विज्ञानाचें पान : आरशांतील आकाश

गेल्या आठवड्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं मुलांमध्यें मोठा वाद माजला. दादांच्या चिरंजीवानें एका दीर्घिकेचें छायाचित्र आणिलें होतें. एकीला तें भोंवऱ्याप्रमाणें वळलेलें दिसे, तर दुसऱ्याला नुसतेंच लांबट. अखेर वाद मातुःश्रींपर्यंत गेला. त्यांनीं चष्मा पुसून चित्र निरखिलें व म्हणाल्या, "बाळांनो, चित्र एकच आहे, भांडताहेत ते तुमचे डोळे." ज्योतिःशास्त्रज्ञांनाहि एकदां हाच धडा शिकावा लागला, तो वाचकांस सांगावा असें मनांत आलें.

दीर्घिका म्हणजे अब्जावधि तारे, वायु व धूळ यांचा गुरुत्वाकर्षणानें बांधलेला प्रचंड समूह. १९२६ सालीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन वेधशाळेचे एडविन हबल यांनीं दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी प्रसिद्ध केली : लंबवर्तुळाकार, सर्पिल, मध्यांतून दांडा गेलेल्या सर्पिल, आणि कोणत्याच नियमांत न बसणाऱ्या. थोड्याफार फेरफारांनीं ती आजहि चालू आहे.

परंतु ती लावणें वाटतें तितकें सोपें नाहीं. पूजेचें तबक समोरून पाहिलें तर वाटोळें दिसतें, कडेनें पाहिलें तर केवळ रेघ. अरुंधती-केश या तारकासमूहांतील एन.जी.सी. ४५६५ ही सर्पिल दीर्घिका आपणांस कडेनेंच दिसते. म्हणून ती सुईसारखी भासते, भुजांचा वळसा दिसतच नाहीं. तबक हातानें फिरवितां येतें. दीर्घिका कोण फिरविणार? शिवाय ती फार दूर असली म्हणजे भुजा पुसट होऊन वाटोळा ठिपका तेवढा उरतो, आणि सर्पिल दीर्घिका लंबवर्तुळाकारांच्या पंक्तीस जाऊन बसते.

२००७ सालीं ऑक्सफर्ड येथील संशोधकांपुढें सुमारें नऊ लक्ष दीर्घिकांचीं छायाचित्रें होतीं. त्या वेळीं यंत्रापेक्षां माणसाचा डोळाच आकार अधिक चांगला ओळखी. पण इतके डोळे आणावे कोठून? त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'गॅलेक्सी झू' या नांवानें हें काम इंटरनेटवर सर्व जनतेपुढें ठेविलें. पहिल्या वर्षांत दीड लाखांवर लोकांनीं पांच कोटींहून अधिक वेळां आपला अभिप्राय नोंदविला. एकेक चित्र अनेकांनीं पाहावें, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यांच्या मतांनीं भरून निघेल, अशी योजना होती.

सर्पिल भुजांचा वळसा प्रदक्षिणेच्या दिशेनें आहे कीं उलट, हेंहि विचारिलें होतें. विश्वाला उजवें-डावें नसेल तर दोन्ही प्रकार सारखेच भरावयास हवेत. मोजणींत मात्र उलट दिशेच्या दीर्घिका अधिक निघाल्या! हें खरें ठरतें तर विश्वाविषयींच्या आपल्या मूळ कल्पनेलाच धक्का बसता. परंतु संशोधकांनीं उतावीळ केली नाहीं. त्यांनीं कांहीं चित्रें, आरशांत दिसावीं तशीं उलटवून, पुन्हां लोकांपुढें ठेविलीं. कल आकाशाचा असता तर आतां प्रदक्षिणेच्या दिशेच्या दीर्घिका अधिक भरल्या असत्या. पण याहि वेळीं उलट दिशेच्याच अधिक भरल्या. कल आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. सर्वांची चूक एकाच बाजूस झुकली, म्हणून मतें वाढवूनहि ती भरून निघाली नाहीं.

पुष्कळांचें एकमत झालें म्हणजे तें सत्यच, असें आपण सहज धरून चालतों. भरल्या घरांत दहा वडीलधारीं माणसें एखाद्या मुलाला 'मठ्ठ' ठरवितात आणि तें पोर तो शिक्का जन्मभर वागवितें. त्या दहाजणांचा कल एकाच बाजूला नाहीं ना, हें तपासून पाहण्याची तसदी आपणांपैकीं किती जण घेतात? आकाशाविषयीं बोलण्यापूर्वीं त्या संशोधकांनीं आपल्या पाहण्याची परीक्षा केली. माणसांविषयीं बोलण्यापूर्वीं आपणहि ती करावयास काय हरकत आहे?

आमच्या घरचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. मात्र काल मुलें तें छायाचित्र आरशासमोर धरून बसलीं होतीं.